नऊ फुटी बांबू घेऊन कोकणात सहा दिवस

मोठ्या मालापुढे पायलट गाडी चालवायला लागून मला चौदा वर्षं झाली. मालवाहू गाडीची रुंदी कायद्यानं जास्तीत जास्त २.६ मीटर. माल त्याच्या बाहेर गेला, किंवा लांबी-उंचीत बसेनासा झाला, की तो ‘ओडीसी’ होतो. त्याला वेगळा परवाना लागतो, वेळ ठरवून मिळते आणि पुढे-मागे एकेक पायलट गाडी चालते. पुढची गाडी रस्ता मोकळा करते, वरच्या तारा बघते आणि वळणावर समोरून येणाऱ्याला थांबवते. मागची गाडी ओव्हरटेक करणाऱ्यांना आवरते.

इतकी वर्षं माझ्याकडे टाटा सुमो होती. सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं घेऊन नाव ठेवलेली ही गाडी १९९४ साली आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. माझ्या सुमोचे पार्ट मिळेनासे झाले तेव्हा जानेवारीत जड मनानं ती विकली. नवीन कोणती घ्यायची याचा निर्णय होईना, तोच लोटे परशुराम एमआयडीसीचं काम आलं. रासायनिक कारखान्याचं एक पात्र न्यायचं होतं. ट्रेलरवर चढवल्यावर त्याची रुंदी ४.८ मीटर, रस्त्यापासून उंची ५.२ मीटर, आणि पुलर, म्हणजे ट्रेलर ओढणारं वाहन, धरून लांबी सव्वीस मीटर. मी ठरवलं, की या फेरीला भाड्याची गाडी न्यायची आणि वाटेत भेटेल ती प्रत्येक गाडी नीट निरखायची. गाडी कुठली घ्यायची याचा विचार तुमच्याही डोक्यात चालू असेल, तर या सहा दिवसांतलं काही उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिला दिवस: कळंबोली ते नागोठणे

माल तीन दिवस उशिरा निघाला आणि नेमका शिमग्यात सापडला. मुंबईचे चाकरमानी गावाकडे निघाले होते. त्यामुळे आम्हाला रात्री दहा ते पहाटे सहा एवढीच वेळ मिळाली.

पुढे मी आणि माझा भाचा, भाड्याच्या सात सीटच्या सीएनजी गाडीत. मागे आमचे नाना, त्यांच्या बोलेरोत. नाना माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, हे काम मला त्यांनीच शिकवलं. पुलरवर पंजाबचे सरदारजी. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात.

सामान भरतानाच पहिला धडा मिळाला. बारा शंकू, लाल झेंडे, चाकांखाली लावायचे लाकडी ठोकळे, दोन जाड फळ्या, दोर, पन्नास फुटी टेप, पाच वॉकीटॉकी नि त्यांचे चार्जर, पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन, स्टोव्ह, अंथरुणं. एवढं सगळं सुमोत मावून वर एक माणूस आडवा व्हायचा. या गाडीत डिकीची अर्धी जागा सिलिंडरनंच खाल्ली होती. तिसरी सीट पाडली तरी फळ्या तिरक्या ठेवाव्या लागल्या.

आणि बांबू. उंची बघायचा बांबू पुढच्या बंपरवर उभा बांधतात. आमचे नऊ-नऊ फुटांचे दोन तुकडे आहेत. दोन फूट एकावर एक चढवून बांधले की सोळा फूट होतात, बंपरची उंची धरून टोक मालापेक्षा वीतभर वर राहतं. टोकाला प्लास्टिकची पट्टी. ती तारेला लागली की ‘टिक’ असा आवाज येतो, आणि तो आवाज आला की मागच्या साठ टनांनी थांबायचं. काम नसताना हे तुकडे गाडीच्या आत राहिले पाहिजेत. टपावर बांधलेले बांबू रात्रीतून कोणी सोडून नेल्याचा अनुभव मी दोनदा घेतला आहे. या गाडीत नऊ फूट कुठूनही बसेनात. डॅशबोर्डपासून मागच्या दारापर्यंत तिरका घातला तरी दार लागेना.

पळस्पे फाट्याला महामार्गाला लागलो. कर्नाळ्याच्या चढावर गारवा होता, झाडांखालून जाताना काचेवर दव धरत होतं. पेणच्या अलीकडे रस्ता ओलांडून गेलेल्या एका तारेला पट्टी लागली. इथं या गाडीची दुसरी अडचण कळली. तिची काच तिरपी आणि टप पुढे आलेला, त्यामुळे चालकाच्या जागेवरून बांबूचं टोक दिसतच नाही. भाचा अख्ख्या वाटेत खिडकीतून डोकं बाहेर काढून बसला होता. उभी काच असलेल्या गाडीत जरा पुढे वाकलं की टोक दिसतं. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही, कारण तिथं कुणाला बांबू बघायचा नसतो.

तारेसाठी वीज मंडळाचा लाईनमन आधीच सांगून ठेवलेला होता. त्यानं लाईन बंद केल्याची खात्री केली, मग कोरड्या काठीनं तार उचलून धरली आणि खालून माल सरकला. नव्या पोरांना हात जोडून सांगतो: तार कितीही साधी दिसली, केबल टीव्हीची वाटली, तरी आपण उचलायची नाही. लाईनमन यायला दोन तास लागले तर दोन तास थांबायचं.

पहाटे साडेपाचला नागोठण्याच्या पुढे ट्रेलर कडेला लावला.

दुसरा दिवस: नागोठणे ते महाड

पायलटची झोप दिवसा होते, तीही गाडीत. मार्चमधलं ऊन सकाळी नऊलाच पत्रा तापवतं. आंब्याच्या सावलीत गाड्या लावल्या. झाडाला मोहर संपून सुपारीएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या, वाऱ्यानं टपावर टपटपत होत्या. नाना बोलेरोच्या मागच्या समोरासमोरच्या दोन बाकांमध्ये फळी टाकून झोपले. गुडघे मुडपून झोपतात, पण झोपतात. भाचा आणि मी पुढच्या सीट मागे पाडून पडलो. बारा वाजता उठलो तेव्हा माझी मान धरली होती.

‘ऐसपैस गाडी’ म्हटलं की लोक सीट मोजतात. आमच्या धंद्यात सीट किती याला काही अर्थ नाही. तीन माणसांतला एक जण पाय लांब करून चार तास झोपू शकतो का, हा प्रश्न आहे. कारण रात्री दोन वाजता वळणावर झेंडा घेऊन उभा राहणारा माणूस झोपेत असला, तर समोरून येणाऱ्या एसटीतल्या पन्नास जिवांना धोका असतो.

दुपारी रात्रीच्या टप्प्याची पाहणी करायला मी आणि नाना बोलेरोनं पुढे गेलो. कोलाडला रेल्वेच्या रो-रोवर ट्रक चढताना दिसले. मालासकट ट्रक सपाट डब्यांवर उभे राहतात आणि थेट गोव्यात वेर्ण्याला उतरतात, १९९९ पासून ही सोय आहे. भरलेल्या ट्रकवाल्यांचं घाटातलं डिझेल आणि कष्ट दोन्ही वाचतात.

माणगावात नेहमीप्रमाणे वाहनं तुंबलेली. तिथं बाजूच्या गल्लीत एक ओळखीचे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे चहाला थांबलो. मी सरळ विचारलं, कुठली गाडी घेऊ? त्यांनी हातातला पाना फडक्यानं पुसला, जागेवर ठेवला आणि म्हणाले, “इनोव्हा माझ्याकडे कमी येते. येते तेव्हा कधी कधी पार्ट पनवेलवरून मागवावा लागतो. बोलेरो नि ट्रॅक्स जास्त येतात, पण त्यांचं काम माझा धाकटा पोरगाही करतो आणि पार्ट या कपाटात आहेत.”

हे वाक्य पुढचे चार दिवस माझ्या डोक्यात राहिलं. भरवसा दोन प्रकारचा असतो. एक गाडी बंदच पडत नाही. दुसरी पडली तरी तासाभरात उठते. घरच्या प्रवासाला पहिला भरवसा पुरतो. पण पायलट गाडी थांबली की परवान्याप्रमाणे मालही थांबतो. तासाचा खोळंबा निभावता येतो, पार्टसाठी दोन दिवस थांबलो तर परवान्याची मुदत जाते आणि रस्त्याच्या कडेला साठ टन उभे राहतात.

रात्री निघालो. माणगाव रात्री एकला पार केलं, गाव झोपलेलं होतं. पहाटे महाडजवळ सावित्रीच्या पुलावर आलो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या नि कितीतरी माणसं गेली. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. त्या साली जुलैत मी त्याच जुन्या पुलावरून मोकळ्या सुमोनं गेलो होतो. या पुलावर आम्ही माल एकटाच सोडतो. पुढून-मागून वाहनं थांबवायची, ट्रेलर मधोमध धरायचा, चालण्याच्या वेगानं न्यायचा, मध्ये ब्रेक मारायचा नाही. उस्ताद पूल ओलांडून झाल्यावर डोक्याला हात लावून नमस्कार करतात. मीही करतो.

तिसरा दिवस: महाड, आणि कशेडीची रात्र

महाडला एका खाणावळीत जेवलो. खाणावळ म्हणजे घराचीच पडवी, चार टेबलं. काकींनी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी वाढली. सोललेल्या वालाला हलकासा कडवटपणा, वर ओल्या खोबऱ्याचा गोडवा. उस्तादांना भात फारसा आवडत नाही, पण ती पांढरी भाकरी त्यांनी पाच खाल्ल्या. काकी प्रत्येक भाकरीला विचारत होत्या, “अजून टाकू ना?” पैसे देताना त्यांनी आमच्या डब्यात न विचारता चार भाकऱ्या घातल्या. दुपारी चवदार तळ्यावर जाऊन आलो. १९२७ साली बाबासाहेबांनी जिथं ओंजळीनं पाणी घेतलं, त्या पायऱ्यांवर भाच्याला पहिल्यांदाच नेलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

हलक्या गाड्या आता कशेडीच्या बोगद्यातून जातात. आमच्या परवान्यावर जुना घाट लिहिलेला होता. पोलादपूर सोडलं तेव्हा बारा वाजून गेले होते.

घाटात पायलटचं काम म्हणजे पुढे जायचं, वळण बघायचं, समोरची वाहनं थांबवायची, मग मागे वळून सांगायचं. दर दोनशे मीटरला हेच. त्यामुळे गाडी तासन् तास पहिल्या नाहीतर दुसऱ्या गिअरमध्ये असते. यासाठी कमी फेऱ्यांवर ओढणारं इंजिन लागतं. बोलेरोच्या दीड लिटर डिझेलला ताकद पंच्याहत्तर अश्वशक्तीचीच आहे, पण २१० न्यूटन-मीटरचा टॉर्क १६०० आरपीएमपासून मिळतो. चढावर क्लच न जाळता ती सरकत राहते.

एका वळणावर ट्रेलरची मागची चाकं आतल्या बाजूला घासायला लागली. ठोकळे लावून, थोडं मागे घेऊन, पुन्हा पुढे, असं चालू होतं. पाऊण तास मी वळणाच्या पुढे गाडी आडवी लावून उभा. गॅस वाचावा म्हणून इंजिन बंद केलेलं. टपावरचा पिवळा फिरता दिवा, चारही इंडिकेटर, वॉकीटॉकीचे चार्जर सगळं चालू. निघायच्या वेळेला चावी फिरवली तर नुसता ‘टक’ आवाज. बॅटरी बसली होती.

नानांच्या गाडीतून तार जोडून स्टार्ट करावं, तर नाना सव्वीस मीटर मालाच्या पलीकडे. मालानं पूर्ण रस्ता व्यापलेला, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. पुलरची यंत्रणा २४ व्होल्टची, आमची १२. पुलरच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून घेता आलं असतं, पण आमच्याकडची तार तेवढी पोचत नव्हती. माझ्या गाडीपुढे सात-आठ वाहनं थांबलेली, त्यांतला एक जण हॉर्न सोडत नव्हता. अंगाला दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात थांबलेल्या रांगेतल्या एका क्रूझरमधून एक काका उतरले. साठीच्या आसपासचे, पांढरी टोपी, कपाळाला गुलाल. खेडच्या बाजूचे. वडाप चालवतात, पोलादपूरला मुंबईहून उतरलेल्या गावकऱ्यांना आणायला निघालेले. त्यांनी काही न विचारता मागचं दार उघडलं, बाकाखालून जाड जंपर केबल काढली आणि गाडी माझ्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभी केली. दोन मिनिटांत इंजिन सुरू. मी पैसे काढले तर हात मागे घेतला. म्हणाले, “शिमग्याचा दिवस हाय. उद्या सकाळी आमच्या गावात पालखी येते, थितं येवा. मोठी गाडी आमच्याच गावाजवळ थांबल तुमची.”

इथं थांबून तीन गोष्टी सांगतो. एक, पायलट गाडी घेताना बॅटरी आणि अल्टरनेटर केवढा आहे ते विचारा. संथ चालीत अल्टरनेटर कमी वीज बनवतो आणि आपले दिवे रात्रभर खात राहतात. दोन, दिवे आणि चार्जरसाठी वेगळी बॅटरी, वेगळी वायरिंग, योग्य फ्यूज. सिगारेट लायटरमधून सगळं ओढायचं नाही. तीन, जंपर केबल जाड आणि लांब घ्या, आणि ती पुढच्या गाडीतही असू द्या, मागच्याही.

चौथा दिवस: पालखी

ट्रेलर पहाटे घाटाखाली, खेडच्या अलीकडे लावला, आणि काकांचं गाव खरंच हाकेच्या अंतरावर निघालं. तास-दीड तास डोळा लागला असेल, तेवढ्यात ढोलांनी जाग आली.

पालखी शेतातून येत होती. भात कापून झालेली कोरडी खाचरं, मधून माणसांची रांग, पुढे ढोल-ताशा, वर निशाण. खांद्यावरची पालखी नुसती चालत नाही, ती नाचते. एकदा पुढे झुकते, एकदा गिरकी घेते, खांदे बदलतात पण ती खाली येत नाही. ट्रेलरजवळ आल्यावर ढोल थांबले. लहान मुलं त्या पोलादी पात्राला हात लावून बघत होती. एका आजीनं मला विचारलं, “ह्येच्यात काय शिजवतात?” मी समजावलं, औषधाच्या कारखान्यात रसायनं तयार करायला असं भांडं लागतं. त्यांनी मान डोलावली आणि पात्रावर हळद-कुंकवाची दोन बोटं उठवली.

काकांनी गुरवांना काहीतरी सांगितलं. गुरवांनी पुलरच्या पुढच्या चाकाजवळ नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. लांबून आलेली लेकरं हायत, मोठं ओझं घेऊन चाललीत, वाटेत काय आडवं-तिडवं असल तर तू बाजूला कर, त्यांना त्यांच्या घरी सुखरूप पोचव. प्रत्येक वाक्याला सगळा गाव एका आवाजात म्हणत होता, “व्हय म्हाराजा!” उस्तादांना शब्द कळले नसतील, पण तेही हात जोडून उभे होते. मग दोघा तरुणांनी त्यांना पुढे बोलावलं आणि त्यांच्या खांद्याखाली पालखीचा दांडा दिला. चढावर साठ टन ओढणारा तो धिप्पाड माणूस पालखीखाली नाचला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. माझेही.

दुपारी काकांकडे पुरणपोळी, कटाची आमटी. पडवीत बसल्यावर मी त्यांची क्रूझर नीट पाहिली. त्यांनी चावी माझ्या हातात दिली.

पुण्याच्या फोर्सची ही ट्रॅक्स क्रूझर गावोगाव वडापला चालते, म्हणून लोक तिच्याकडे पायलट म्हणून बघत नाहीत. चेसीवर उभी असलेली, मागे पाटे, २.६ लिटरचं डिझेल. चालकामागे एक आडवी सीट, तिच्यामागे समोरासमोर दोन लांब बाकं. काच उभी. बसल्या जागेवरून बोनेटची दोन्ही टोकं दिसतात. भाच्यानं गाडीतून बांबू आणला. मधल्या सीटच्या खालून सरकवला आणि मागचं दार ओढलं. दार लागलं. दोन्ही तुकडे बसले आणि वर दोन्ही बाकं मोकळी राहिली. मी एका बाकावर आडवा झालो. पाय पूर्ण लांब झाले.

उणी बाजूही सांगितली पाहिजे. गाडी लांब आहे, दुपदरी रस्त्यावर एका फटक्यात वळत नाही. आवाज आहे. बाकावर लांबचा प्रवास कष्टाचा. पुढची पायलट सारखी मागे वळते, तिथं बोलेरो हातखंडा. म्हणून मला ही गाडी दोन दिवस चालवून बघायची होती. काकांना विचारलं, पुढच्या कामासाठी दिघी बंदराचा रस्ता बघायचा आहे, किनाऱ्यानं याल का? वडापची शिमग्यातली कमाई सोडून ते तयार झाले.

रात्री भरणे नाक्यावरून जगबुडी ओलांडून लोट्याला पोचलो. हा टप्पा सरळ गेला.

पाचवा दिवस: हर्णै

माल उतरवायला क्रेन सकाळीच लागली. कागदावर सही घेतली, उस्तादांना निरोप दिला. भाड्याची गाडी भाच्यानं परत नेली, नानाही निघाले. मी काकांबरोबर क्रूझरनं दापोलीमार्गे हर्णैला.

संध्याकाळी बंदरावर लिलाव चालू होता. होड्यांतून टोपल्या बैलगाडीवर, बैलगाडी पाण्यातून किनाऱ्यावर, समोर सुवर्णदुर्ग उन्हात तांबूस झालेला. सुरमईच्या ढिगाशी एक मावशी उभ्या होत्या. भाव ऐकताना चेहऱ्यावरची रेषा हलू देत नव्हत्या आणि शेवटी नुसत्या बोटानं माल घेतला. त्यातलीच एक सुरमई रात्री आम्हाला तळून मिळाली, सोबत सोलकढी. दिवसभराचं ऊन त्या एका वाटीनं उतरलं.

हर्णैला यायचं खरं कारण विकायला असलेली एक जुनी इनोव्हा होती. २०१६ च्या आधीची, अडीच लिटर डिझेलची. मला या गाडीबद्दल मनापासून आदर आहे. आतून स्वच्छ, इंजिनाचा आवाज गोड, मालक सज्जन. मन जवळजवळ झालं होतं. काकांनी मात्र अंगातला सदरा काढला, पोतं अंथरलं आणि टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. खालून मला हाक मारली. चेसीच्या एका जोडावर त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, फार जोर न लावता. पापुद्रा निघाला. आत अजून एक पापुद्रा. करवंटीएवढा तपकिरी भुगा त्यांच्या छातीवर पडला.

गाडीचा दोष नव्हता, मालकाचाही नव्हता. दहा वर्षं ती समुद्रापासून दोनशे पावलांवर उभी होती. किनाऱ्यावरची जुनी गाडी घेताना खालून बघितल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. चेसीचे जोड, ब्रेकच्या नळ्या, दारांच्या खालच्या कडा, सीटच्या बोल्टांची मुळं. नवीन काळा रंग मारलेला असेल तर तो खरवडायची परवानगी मागायची. आणि आपली गाडी किनाऱ्याच्या कामावर जाऊन आली की दुसऱ्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालून धुवायची.

सहावा दिवस: वेळास, बाणकोट, दिघी, माणगाव

रात्रीच आंजर्ले, केळशी करत वेळासला एका घरी मुक्काम केला होता. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव आता कासवांसाठी ओळखलं जातं. सकाळी उजाडताना किनाऱ्यावर गेलो. कासवमित्रांनी टोपली उलटी केली तर खाली अकरा पिल्लं. तळहातापेक्षा लहान, काळपट, अंगाला वाळू. दोरीच्या पलीकडे लोक श्वास रोखून उभे. एक पिल्लू पावलाच्या खड्ड्यात अडकलं, पुढचे दोन पाय मारत राहिलं, बाहेर आलं, पहिली लाट आली आणि ते गेलं. काका आयुष्यभर किनाऱ्यापासून दोन तासांवर राहिले, त्यांनीही हे पहिल्यांदाच पाहिलं. परतताना म्हणाले, “पुढच्या साली नातवाला आणतो.”

बाणकोटच्या खाडीवर वेशवीहून बागमांडल्याला जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट, आहे. रांगेत लवकर लागा, सुट्टीत गर्दी होते. भरतीच्या वेळेप्रमाणे उताराचा कोन बदलतो, लांब नाकाच्या खालच्या गाड्यांचा बंपर घासतो. क्रूझर सरळ चढली. खाली तीच सावित्री होती, जिच्या पुलावरून चार रात्रींपूर्वी आम्ही श्वास धरून गेलो होतो. इथं समुद्राला मिळताना ती किती शांत आणि रुंद आहे!

पलीकडे मी गाडी चालवली. श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्यांतले अरुंद रस्ते, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे. इथंच हिची खरी परीक्षा होती. समोरून एसटी आली तेव्हा मला साठ-सत्तर फूट मागे जावं लागलं. मागची काच मोठी आहे, आरसे मोठे आहेत, गेलो. पण वळवायला दर वेळी तीन हिसके लागले हेही लिहून ठेवतो. दिघीपासून म्हसळ्यामार्गे माणगावपर्यंत प्रत्येक मोरी, प्रत्येक आडवी तार, प्रत्येक वळण टेपनं मोजत गेलो. बांबू बाहेर काढायचा, बांधायचा, पुन्हा आत सरकवायचा, असं चौदा वेळा केलं. दार चौदाही वेळा लागलं.

माणगावात मिस्त्रींकडे पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी म्हटलं, क्रूझर. ते हसले, कपाट उघडून दाखवलं. त्यांनीच कऱ्हाडच्या एका ओळखीच्यांकडची गाडी सुचवली, घाटमाथ्यावर वापरलेली, समुद्र न पाहिलेली. काकांनी जाताना आपली जंपर केबल माझ्या हातात ठेवली. म्हणाले, गाडी येईपर्यंत ही तुमच्याकडं ऱ्हावू दे, मग आणून द्या, त्या निमित्तानं जेवायला याल.

एक गोष्ट विचारून घ्या: सीट काढून जागा वाढवायचा मोह होतो, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाहीत. अपघात झाला तर विम्यातही तेच आडवं येतं. मला एकही सीट काढावी लागली नाही.

गेल्या आठवड्यात कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून गाडी आणली. आधी पोतं अंथरून खाली गेलो, सगळे जोड स्क्रूड्रायव्हरनं टोकरले, मगच पैसे दिले. दुसरी बॅटरी बसवून घेतली. येताना वाट वाकडी करून खेडला थांबलो आणि केबल परत केली. काकांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, मागचं दार उघडलं, आत डोकावले आणि विचारलं, “बांबू खय हाय?”

भाच्यानं खाली बोट दाखवलं.